छायाचित्र आपले, हक्क कुणाचा?

छायाचित्र-स्पर्धांचा सध्या सुकाळ आहे. गणेशोत्सव आला की मंडळांच्या, पावसाळा आला की निसर्गमित्रांच्या, पर्यटनाचा हंगाम आला की सरकारी खात्यांच्या, आणि चहा, रंग, सिमेंट, भ्रमणध्वनी विकणाऱ्या व्यापारी पेढ्यांच्या तर बारमाही. पूर्वी स्पर्धेत भाग घ्यायचा म्हणजे खटाटोप असे. अंधाऱ्या खोलीत बसून मोठ्या आकाराची प्रत काढायची, पाठीमागे नाव-पत्ता लिहायचा, दोन पुठ्ठ्यांत घालून रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि परतीचे तिकीट लावलेला लिफाफा सोबत जोडायचा. एवढा खर्च आणि एवढे कष्ट करणारा माणूस नियमावलीही बारकाईने वाचीत असे. आज घरातले नववीतले पोर जेवता जेवता भ्रमणध्वनीवरून प्रवेशिका पाठवून मोकळे होते. नियमावली असते, पण ती इंग्रजीत, बारीक टाइपात, आणि तिच्याखाली एक रिकामी चौकट. तिथे टिचकी मारली की 'सर्व अटी मान्य' झाल्या.

आपल्यासारख्या, पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या घरांत ही अडचण दुहेरी होते. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत हिंदी, कानडी, गुजराती किंवा तेलुगू, आणि करारमदाराची भाषा तिसरीच. ती तिसरी भाषा अवघड वाटते म्हणून आपण ती वाचीत नाही, आणि न वाचलेल्या कागदावर होकार देतो. दिलेला होकार नेमका कशाला असतो, हे मराठीतून सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

जुने मराठी पुस्तक उघडले की मुखपृष्ठामागे 'सर्व हक्क स्वाधीन' अशी एक ओळ हमखास दिसे. आपण पुस्तक विकत घेतो, ते आपल्या कपाटात राहते, आपण ते कुणाला भेटही देऊ शकतो. पण ते पुन्हा छापून विकू शकत नाही. कागद आपला, मजकुरावरचा हक्क लेखकाचा. छायाचित्राचेही तसेच आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्याने छायाचित्राला कलाकृती मानले आणि छायाचित्र काढणाऱ्या व्यक्तीला तिचा कर्ता मानले. या हक्कासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही, शिक्का मारून घ्यावा लागत नाही. नोंदणीची सोय आहे. ती ऐच्छिक आहे. कळ दाबली आणि चित्र उमटले की त्याच क्षणी हक्क जन्माला येतो. सोळा वर्षांच्या मुलाने साध्या भ्रमणध्वनीवर काढलेल्या चित्रालाही तो लागू आहे.

हा हक्क किती काळ टिकतो? २०१२ साली कायद्यात दुरुस्ती होण्यापूर्वी छायाचित्राचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे राहत असे. आता तो कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरची साठ वर्षे राहतो. आज सोळा वर्षांचा असलेला विद्यार्थी ऐंशी वर्षे जगला, तर त्याने आज काढलेल्या चित्राचा हक्क सव्वाशे वर्षांच्या आतबाहेर टिकेल. म्हणजे त्याच्या पणतवंडांपर्यंत. उत्तेजनार्थ बक्षिसाची पाचशे रुपयांची नोट आणि एक प्रमाणपत्र यांच्या बदल्यात तो हे सव्वाशे वर्षांचे धन देऊन टाकतो आहे काय, हा विचार पालकांनी करण्याजोगा आहे.

छायाचित्राचा कर्ता कोण, हा प्रश्न आज सोपा वाटतो; पूर्वी तो तसा नव्हता. आमच्या इंदुरापुरते सांगायचे तर छायाचित्रणाच्या इतिहासातले एक थोर नाव याच शहरात घडले. लाला दीनदयाळ हे रुडकीच्या थॉमसन महाविद्यालयात शिकून १८६६ साली इंदुरास सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीवर आले. येथेच त्यांना कॅमेऱ्याचा छंद जडला, तुकोजीराव होळकरांचे प्रोत्साहन मिळाले आणि छंदाचा व्यवसाय झाला. पुढे ते हैदराबादला निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले व 'राजा' ही पदवी पावले. इंदूर आणि हैदराबाद, दोन्हीकडच्या मराठी वाचकांना त्यांचे नाव परके नसावे. १९०५ साली ते निवर्तले. त्यांच्यानंतर काही वर्षांनी, १९१४ मध्ये, ब्रिटिशांच्या १९११ च्या कायद्याच्या आधारे हिंदुस्थानात जो कॉपीराइट कायदा झाला, त्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे मूळ काच किंवा फिल्म, ज्याला आपण 'निगेटिव्ह' म्हणतो, तिचा मालक, अशी व्याख्या होती. चित्र टिपणारा गौण, काचेचा धनी मुख्य. १९५७ च्या कायद्याने ही उफराटी रीत मोडली आणि टिपणाऱ्याला कर्तेपण दिले. निगेटिव्हच नाहीशी झालेल्या आजच्या काळात ती जुनी व्याख्या असती, तर वकिलांची चांदी झाली असती.

टिपणारा माणूसच हवा, हेही ओघाने आलेच. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर डेव्हिड स्लेटर या ब्रिटिश छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याची कळ एका काळ्या माकडाने दाबली आणि स्वतःचेच हसरे चित्र काढले. माकडाच्या वतीने अमेरिकेत दावा लावला गेला! एप्रिल २०१८ मध्ये तेथील अपील न्यायालयाने सांगितले की, प्राण्याला या कायद्याखाली दावा लावता येत नाही. माकडाच्या हाती कोलीत दिल्याची म्हण आपल्याकडे आहे. कॅमेरा दिल्याची नवी करावी लागेल.

आता हक्क कशावर असतो, तेही नीट पाहिले पाहिजे. हक्क विषयावर नसतो, चित्रावर असतो. डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या वायुकांडानंतर एका अनाम बालकाचे दफन होत असताना रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू हे दोघे छायाचित्रकार तेथे होते. दोघांनी त्या मातीतून वर दिसणाऱ्या चिमुकल्या चेहऱ्याचे चित्र घेतले. एक कृष्णधवल, दुसरे रंगीत. बार्थोलोम्यू यांच्या चित्राला 'वर्ल्ड प्रेस फोटो' संस्थेचा त्या वर्षीचा सर्वोच्च मान मिळाला. राय यांचे चित्र त्या शोकांतिकेची खूण म्हणून जगभर ओळखले गेले. बालक एक, खड्डा एक, क्षण जवळजवळ एकच. पण चित्रे दोन आणि हक्क दोघांचे वेगळे. म्हणून शेजारच्याने राजवाड्याचे जसे चित्र काढले तसेच मी काढले, तर त्यात चोरी नाही. त्याचेच चित्र उचलून माझ्या नावाने स्पर्धेला पाठवले, तर मात्र ती चोरी आहे. राजवाड्यासारख्या वास्तूचे किंवा चौकात कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचे चित्र काढून प्रसिद्ध करण्यास कायद्याने स्पष्ट मोकळीक ठेवली आहे. वास्तू पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली असेल तर तिपाई लावण्यास परवानगी लागते, काही ठिकाणी प्रकाशझोत टाकण्यास मनाई असते. पण तो प्रश्न वास्तूच्या शिस्तीचा आहे, चित्राच्या मालकीचा नव्हे.

कर्ता हाच पहिला मालक, या नियमाला कायद्याच्या सतराव्या कलमात काही अपवाद आहेत, आणि त्यांतला एक आपल्या घरगुती जीवनाला फार जवळचा आहे. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल, तर उलट करार नसल्यास पहिला मालक पैसे देणारा ठरतो. लग्नाच्या छायाचित्रकाराला आपण ठरवून पैसे देतो. तेव्हा कन्येच्या पाठवणीचे ते अश्रूंनी डबडबलेले चित्र, वेगळे काही लिहून ठरले नसेल तर, वधूपक्षाच्या मालकीचे असते. स्टुडिओवाल्याने ते परस्पर स्पर्धेला पाठवणे किंवा दुकानाच्या दर्शनी काचेत लावणे योग्य नव्हे. त्याने तसे करण्याची इच्छा आधी सांगितली आणि घरच्यांनी आनंदाने होकार दिला, तर गोष्ट निराळी. हल्ली पुष्कळ छायाचित्रकार करारपत्रात याविषयी एक ओळ घालतात. मंगल कार्याच्या धांदलीत ती कुणी वाचीत नाही. नोकरीत काढलेल्या चित्रांचेही असेच आहे. वृत्तपत्राचा पगारी छायाचित्रकार कामावर असताना जे टिपतो, त्याचा वृत्तपत्रातील प्रसिद्धीपुरता हक्क वेगळे ठरले नसल्यास मालकाकडे जातो.

आता स्पर्धेच्या अर्जाकडे वळू. अर्जात सामान्यतः दोनपैकी एक गोष्ट मागितलेली असते. एक तर हक्कच मागतात, किंवा वापराची परवानगी मागतात. घर विकणे आणि घर भाड्याने देणे यांत जो फरक, तोच या दोहोंत. हक्काचे हस्तांतरण केले की आपल्याच चित्राची प्रत दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर छापायलाही नव्या मालकाला विचारावे लागेल. परवाना दिला तर मालकी आपलीच राहते, आयोजक ठरल्या कामापुरते चित्र वापरतात. परवान्याच्या वाक्यात चार-पाच विशेषणे मालगाडीच्या डब्यांसारखी एकापुढे एक जोडलेली असतात, आणि खरा अर्थ त्या विशेषणांत असतो. 'नॉन-एक्सक्लुझिव्ह' म्हणजे ही परवानगी तुम्ही दुसऱ्यालाही देऊ शकता. हा शब्द असलेला बरा. त्याच्या जागी नुसते 'एक्सक्लुझिव्ह' असेल तर सावध व्हावे, कारण मग मालकी नावापुरती उरते. 'परपेच्युअल' म्हणजे कायमची, 'इर्रिव्होकेबल' म्हणजे परत घेता न येणारी, 'रॉयल्टी-फ्री' म्हणजे तुम्हांला दर वापरामागे काही न देता. आणि 'सब-लायसेन्सेबल' म्हणजे आयोजक ती परवानगी तिसऱ्या कुणालाही देऊ शकतील. हा शेवटचा शब्द सर्वांत कमी लोकांना कळतो आणि सर्वांत जास्त काम करतो. तो असेल तर तुमचे चित्र उद्या कुठल्या मालाच्या वेष्टनावर झळकेल, याचा नेम नाही.

आमच्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याची हकीकत येथे सांगितली पाहिजे. अकरावीतला मुलगा, वय सोळा. महेश्वरच्या घाटावर पहाटे नाव सोडणाऱ्या एका वृद्ध नावाड्याचे त्याने चित्र काढले. नर्मदेवरचे धुके, ओल्या पायऱ्या, आणि म्हाताऱ्याच्या हातातले वल्हे. चित्र खरोखरच सुरेख होते. एका व्यापारी पेढीने भरवलेल्या स्पर्धेत त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले, शाळेच्या प्रार्थनासभेत टाळ्या झाल्या. पुढच्या जानेवारीत त्या पेढीची भिंतीवरची दिनदर्शिका निघाली. मार्च महिन्याच्या पानावर तेच चित्र होते. घाटाच्या पायऱ्या छाटलेल्या, धुक्याच्या जागी मालाची जाहिरात, आणि मुलाचे नाव कुठेच नाही. वडील ते पान गुंडाळून घेऊन शाळेत आले. त्यांना पैशाची अपेक्षा नव्हती. ते एवढेच विचारीत होते, "सर, नाव तरी घालायचं ना?"

आम्ही त्या स्पर्धेची नियमावली मिळवून वाचली. एकोणीस नियम होते आणि सोळाव्यात एक वाक्य होते: स्पर्धेसाठी आलेल्या सर्व छायाचित्रांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील. 'विजेत्या' नव्हे, 'आलेल्या सर्व'. हजार मुलांनी चित्रे पाठवली असती, तर दहांना बक्षिसे देऊन हजारांची चित्रे पेढीच्या पेटीत जमा! चित्रांचा असा साठा बाजारभावाने विकत घ्यायचा म्हटला तर किती खर्च आला असता, याचा हिशोब वाचकांनीच करावा. स्पर्धा भरवणे हा कलेला उत्तेजन देण्याचा मार्ग आहे, तसा तो फुकटात चित्रे गोळा करण्याचाही मार्ग होऊ शकतो. सर्वच आयोजक असे असतात असे आमचे म्हणणे नाही. कित्येक नियमावल्या कुणीतरी कुठूनतरी उतरवून काढलेल्या असतात, आणि आपण काय मागतो आहोत हे मागणाऱ्यालाही ठाऊक नसते.

पण ते एक वाक्य कायद्यापुढे कितपत टिकते? येथे आपला कायदा कर्त्याच्या बाजूने बराच उभा आहे, आणि ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाही. एकोणिसाव्या कलमानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते आणि त्यावर देणाऱ्याची किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीची सही असावी लागते. कोणती कलाकृती, कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशात, कशाच्या मोबदल्यात, हे त्यात नमूद करावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. हक्क घेणाऱ्याने एक वर्षात तो वापरलाच नाही, तर वेगळे ठरले नसल्यास तो गळून पडतो. या तरतुदी परवान्यालाही लागू आहेत. म्हणजे 'सर्व हक्क आमचे' हे वाक्य दिसायला सर्वभक्षक असले तरी काळ आणि प्रदेश न लिहिल्यामुळे त्याचे दात बरेच बोथट होतात. चौकटीत मारलेली टिचकी ही सही धरावी काय, यावर वकील मंडळी वाद घालू शकतील. 'कायमचे' आणि 'जगभर' हे शब्द स्पष्ट लिहिले असतील, तर मात्र पाच वर्षांचा आणि भारतापुरता हा आधार उरत नाही. तेव्हा ते दोन शब्द प्रथम शोधावेत.

त्याहून मोठा आधार सत्तावन्नाव्या कलमाचा. हक्क देऊन टाकला, तरी 'हे माझे आहे' असे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. कलाकृतीची मोडतोड करून त्याच्या लौकिकाला बाध आणला तर ती थांबवण्याचा आणि भरपाई मागण्याचा अधिकारही राहतो. या कलमाचे वजन अमरनाथ सहगल यांच्या खटल्यात दिसले. दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी त्यांनी सरकारच्या सांगण्यावरून ब्राँझचे एक प्रचंड भित्तिशिल्प घडवले होते. १९७९ साली ते भिंतीवरून काढून गोदामात टाकले गेले, त्याची नासधूस झाली. शिल्प सरकारने पैसे देऊन घेतलेले होते. तरीही २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष सहगलांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मालकी वेगळी आणि कर्तेपण वेगळे, हे इतक्या ठसठशीतपणे सांगणारा दुसरा निकाल शोधावा लागेल. खुद्द सरकारपुढे जे कलम उभे राहिले, ते एका दिनदर्शिकेपुढे का राहू नये?

आणखी एक मुद्दा होता, आणि शिक्षक म्हणून तो आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटला. मुलगा सोळा वर्षांचा. १८७२ च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्ती करार करू शकत नाही, आणि १९०३ साली मोहरीबिबीच्या प्रसिद्ध खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असा करार मुळातच रद्दबातल ठरवला. शाळकरी मुलांसाठी स्पर्धा भरवायची, त्यांच्याकडून हक्क लिहून घ्यायचे, आणि पालकाच्या सहीची जागाच अर्जावर ठेवायची नाही, हा प्रकार कसा खपतो, कोण जाणे. शाळांमध्ये येणाऱ्या परिपत्रकांतही हा दोष आढळतो. ज्या अर्जावर पालकाच्या सहीची ओळ नाही, तो वर्गशिक्षकाने वाटूच नये, असे आम्ही आमच्या शाळेत ठरवून दिले आहे.

वडिलांच्या सहीने पेढीला एक पत्र गेले. त्यात ही तीन कारणे होती आणि एकही कठोर शब्द नव्हता. महिन्याभराने उत्तर आले. दिनदर्शिकेच्या पुढल्या छपाईत मुलाचे नाव येईल आणि चित्र अन्य कशासाठीही वापरले जाणार नाही, असे त्यांनी लिहून दिले. नाव आले. पैसे आले नाहीत, मागितलेही नव्हते.

त्या प्रकरणात आम्हांला अधिक खुपली ती गोष्ट मात्र वेगळीच. त्या वृद्ध नावाड्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याचा चेहरा हजारो घरांच्या भिंतींवर एका मालाची भलामण करीत लटकत होता, आणि तो रोजच्यासारखा प्रवाशांना पलीकडे नेऊन सोडीत होता. चित्राचा हक्क टिपणाऱ्याचा हे खरे. पण चेहरा ज्याचा त्याचा. प्रदर्शनात चित्र लावणे निराळे आणि त्या चेहऱ्याने माल विकणे निराळे. खाजगी आयुष्य जपण्याचा अधिकार हा मूलभूत अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात सांगितले आहे. बऱ्याच अर्जांत 'चित्रातील व्यक्तीची संमती स्पर्धकाने घेतली आहे' असे एक कलम असते आणि त्यालाच जोडून, उद्या कुणी तक्रार केली तर खर्च स्पर्धकाने भरून द्यावा, असेही असते. म्हणजे जाहिरात पेढीची, नफा पेढीचा आणि नावाड्याने दावा लावलाच तर भुर्दंड विद्यार्थ्याच्या बापाला! असे कलम दिसले तर तिथेच थांबावे. संमती घ्यायचीच तर ती खरोखरीची घ्यावी. चित्र दाखवून, कशासाठी पाठवतो आहोत ते त्याच्या भाषेत सांगून, आणि एक प्रत त्याच्या घरी पोहोचवून. लहान मुलाचे चित्र असेल तर त्याच्या आईबापांना विचारल्यावाचून पाठवूच नये.

चांगल्या स्पर्धाही आहेत, आणि त्यांची रीत पाहिली म्हणजे वाईटाची ओळख पटते. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाची वन्यजीव छायाचित्रकारांची स्पर्धा १९६५ पासून चालत आली आहे. तिथे चित्राची मालकी छायाचित्रकाराकडेच राहते. आपल्याकडे फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी ही संस्था १९५३ साली स्थापन झाली. तिच्या मान्यतेने भरणाऱ्या 'सलोन' प्रदर्शनांची परंपरा हौशी छायाचित्रकारांना ठाऊक आहे. निवडलेली चित्रे मांडणे, ती सूचिपत्रात नावासह छापणे, स्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी वापरणे, इतपत परवानगी आयोजकांनी मागणे रास्तच आहे. चित्र न दाखवता प्रदर्शन भरणार कसे?

एक प्रकार असाही आहे की जिथे चित्र खुले करणे हाच हेतू असतो. 'विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स' ही स्मारकांच्या छायाचित्रांची स्पर्धा २०१० साली नेदरलँड्समध्ये सुरू झाली आणि २०१२ पासून भारतातही होऊ लागली. तीत पाठवलेले चित्र क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली जाते. जगातला कुणीही ते वापरू शकतो, त्यातून पैसेही मिळवू शकतो. अट एवढीच की छायाचित्रकाराचे नाव घालावे आणि त्यावरून नवे काही केले तर तेही तसेच खुले ठेवावे. हा परवाना परत घेता येत नाही. आपल्या गावची छत्री, बारव, गढी विश्वकोशात दिसावी म्हणून कुणी जाणूनबुजून असे दान करीत असेल तर ते आम्हांला कौतुकास्पद वाटते. मात्र तेच चित्र पुढे मालकीचा आग्रह धरणाऱ्या स्पर्धेला चालणार नाही, हे आधी लक्षात घ्यावे.

समाजमाध्यमांवर टाकलेले चित्र सार्वजनिक झाले, आता ते कुणाचेच नाही, असा एक गैरसमज सुशिक्षितांतही आढळतो. जानेवारी २०१० मध्ये हैती देशात भीषण भूकंप झाला. डॅनियल मोरेल या तेथील छायाचित्रकाराने काढलेली चित्रे ट्विटरद्वारे जगासमोर ठेवली. फ्रान्सची एएफपी ही वृत्तसंस्था आणि गेटी ही चित्रसंस्था यांनी ती परवानगीवाचून वापरली. २०१३ साली न्यूयॉर्कमधील ज्यूरीने मोरेल यांना सुमारे बारा लाख डॉलर्स भरपाई देवविली. निकाल अमेरिकेतला आहे, तरी त्यामागचे तत्त्व आपल्या कायद्यालाही परके नाही: दिसले म्हणजे दिले असे होत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने यात नवी गुंतागुंत केली आहे. २०२३ साली बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताने सोनी पुरस्कार-स्पर्धेत यंत्राने रचलेले चित्र पाठवले, ते निवडले गेले, आणि त्याने स्वतःच पुरस्कार नाकारला. यंत्राच्या चित्रांची चर्चा पुष्कळ होते. परंतु ती यंत्रे शिकतात ती माणसांनी काढलेल्या लक्षावधी चित्रांवरून, आणि 'कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही माध्यमात, तिसऱ्या पक्षासही' असा परवाना दिला असेल तर आपले चित्र त्या कामीही जाऊ शकते. हे आपल्याला चालते की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. मूळ फाइल कधीही पुसू नये. तिच्यात चित्र कोणत्या दिवशी, कोणत्या यंत्राने काढले, याची नोंद असते. जुन्या काळी निगेटिव्ह जे काम करी ते आज ती करते. व्हॉट्सअॅपवर साध्या रीतीने पाठवलेल्या प्रतीत ही नोंद बहुधा राहत नाही आणि चित्रही आक्रसते, म्हणून स्पर्धेसाठी ती वाट टाळावी. दुसरे असे की, तंटा झालाच तर पेढीच्या शहरी खेटे घालावे लागतील ही भीती नको. बासष्टावे कलम कर्त्याला तो स्वतः जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावण्याची मुभा देते.

पण बहुतेक वेळा तिथवर जावेच लागत नाही. प्रवेशिका पाठवण्यापूर्वी आयोजकांना चार ओळींचे पत्र लिहावे. मायना नेहमीचा, आणि मजकूर असा: "आपल्या स्पर्धेत भाग घेण्याची इच्छा आहे. कृपया पुढील गोष्टींचा खुलासा करावा. छायाचित्राची मालकी स्पर्धकाकडे राहील काय? बक्षीस न मिळालेल्या चित्रांवर आपला काही हक्क राहील काय? चित्र कोणत्या कामासाठी आणि किती वर्षे वापरले जाईल? जाहिरातीसाठी वा तिसऱ्या पक्षास देण्यापूर्वी स्पर्धकाची वेगळी परवानगी घेतली जाईल काय? दर वेळी छायाचित्रकाराचे नाव छापले जाईल काय?" स्पर्धक अठरा वर्षांखालील असेल तर खाली पालकाची सही असावी. पत्र आयोजकांना कळेल त्या भाषेत लिहावे, नियमावलीची छापील प्रत काढून त्याला जोडावी, आणि दोन्हींची एकेक नक्कल, येणाऱ्या उत्तरासह, मूळ चित्राजवळ ठेवून द्यावी.